शाळेंतील लस आणि सार्वजनिक खर्चाचा हिशेब

या महिन्याच्या टपालांत इंग्लंडांत राहणाऱ्या एका वाचकभगिनीचें पत्र आम्हांस आलें आहे. त्यांचे चिरंजीव सात वर्षांचे असून तेथील प्राथमिक शाळेंत जातात. शाळेकडून घरीं एक संमतिपत्रक आलें. इन्फ्लुएंझाची लस मुलाच्या नाकांत फवारण्यास आईबापांची संमति आहे किंवा नाहीं, एवढाच त्यांत प्रश्न होता. पत्रकावर सही करण्यापूर्वीं बाईंनीं आमच्यापुढें कांहीं शंका मांडल्या आहेत. त्या केवळ एका घरापुरत्या नसल्यामुळें त्यांचा विचार या सदरांत करण्याचें आम्ही ठरविलें आहे.

बाई लिहितात : "निरोगी मुलास फ्लू झाला तर तें चार दिवस अंथरुणावर पडतें आणि पांचव्या दिवशीं खेळूं लागतें. एवढ्यासाठीं लक्षावधि मुलांस दरवर्षीं लस देण्याचा खर्च सरकार कां करतें? घरांत आमचे मामंजी आहेत. त्यांचें वय अठ्ठ्याहत्तर असून त्यांस दम्याचा विकार आहे. लस द्यावयाची तर ती त्यांस द्यावी. मुलाच्या मागें हें लचांड कशाला? शिवाय या लसींत डुकरापासून काढलेला पदार्थ असतो असें ऐकतें. आमच्या घरीं अंडेंही येत नाहीं. आणि हें सर्व जर इतकें हिताचें असेल, तर आपल्याकडे तें कां होत नाहीं?"

शंका रास्त आहेत. सरकारनें दिलेली वस्तु फुकट असते असें मानणारांपैकीं या बाई नाहींत, ही गोष्ट आम्हांस विशेष आवडली. सरकारी खर्च म्हणजे अखेर कोणाच्या तरी घरचाच पैसा होय. तेव्हां तो कशावर होतो, त्यापासून काय मिळतें आणि तें कोणास मिळतें, हें विचारणें नागरिकाचें कर्तव्यच आहे.

प्रथम खर्च पाहूं. देवीची लस आमच्या आजोबांच्या पिढीनें जन्मांत एकदोनदां टोचून घेतली आणि तेवढ्यावर काम भागलें. इन्फ्लुएंझाचें तसें नाहीं. या रोगाच्या विषाणूचा माणसांतील शोध १९३३ मध्यें इंग्लंडांत लागला, आणि तेव्हांपासून त्याची एक खोड शास्त्रज्ञांच्या नजरेस येत गेली. ती ही कीं, तो आपलें बाह्य रूप सारखें बदलीत असतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना दरवर्षीं फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठीं आणि सप्टेंबरांत दक्षिण गोलार्धासाठीं कोणते विषाणु लसींत घालावे याची शिफारस करते. गतवर्षीं घेतलेली लस यंदा पुरत नाहीं. अर्थात् हा खर्च विहीर खणण्यासारखा एकदां करून मोकळें होण्याचा नव्हे. रोज पाणी भरण्यासारखा तो दरसाल करावयाचा आहे.

बरें, लसीची किंमत हा खर्चाचा एक भाग झाला. लस कारखान्यापासून मुलापर्यंत २ ते ८ अंश सेंटिग्रेड एवढ्या थंडाव्यांत न्यावी लागते. परिचारिकांचें पथक शाळेंत जावयाचें, त्यांचें वाहन, त्यांचा पगार. त्यापूर्वीं घरोघर पत्रकें पाठवावयाचीं, तीं परत आलीं नाहींत तर पुन्हा आठवण द्यावयाची. कोणास दमा आहे, कोणास वावडें आहे, हें तपासावयाचें. गैरहजर मुलांसाठीं पुन्हा एक खेप करावयाची. आणि या सर्वांची नोंद ठेवावयाची. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, अशी आपल्याकडे म्हण आहे. पदार्थ आमच्या बहुतेक वाचकांच्या घरांतला नसला तरी म्हण येथें अगदीं लागू पडते. याखेरीज शाळेच्या बुडालेल्या तासांचा आणि शिक्षकांच्या वेळेचा खर्च आहेच. पण तो आरोग्यखात्याच्या वहींत कोठेंही दिसत नाहीं.

या खर्चाचा आणखी एक स्वभाव ध्यानांत घेण्यासारखा आहे. समजा, एका शाळेंत ५०० मुलें आहेत आणि पथकास तेथें एक दिवस नेण्याचा खर्च, लसीची किंमत सोडून, १२,००० रुपये येतो. ३०० मुलांनीं लस घेतली तर हा खर्च दर मुलामागें ४० रुपये पडेल. संमतिपत्रकें न आल्यामुळें १०० मुलांनींच घेतली तर तोच खर्च दर मुलामागें १२० रुपये होईल. आंकडे आम्ही केवळ उदाहरणार्थ घेतले आहेत, पण त्यांतील तत्त्व खरें आहे. पत्रक दप्तरांतच राहिलें तर सरकारचा पैसा वांचतो असें नाहीं. उलट शेजारच्या मुलाची लस महाग होते. संमति देणें किंवा न देणें हा ज्याच्या त्याच्या घरचा अधिकार आहे. परंतु उत्तरच न देणें हा अधिकार नव्हे, आळस होय.

आतां लाभाकडे वळूं. येथें बाईंची दुसरी शंका उत्तर देण्यास आपण होऊन पुढें येते. कारण या लसीचा मोठा लाभ मुलास नव्हे, तर मामंजींस होण्याचा संभव आहे. वृद्धांचें शरीर लसीस तरुणांइतकी साथ देत नाहीं. त्यामुळें लस घेऊनही त्यांचें रक्षण अपुरें राहतें. उलट शाळकरी मुलें वर्गांत दाटीनें बसतात, एकमेकांच्या वस्तु हाताळतात, आजारी पडलीं म्हणजे विषाणु अधिक दिवस बाहेर टाकीत राहतात, आणि संध्याकाळीं घरीं येऊन आजोबांच्या मांडीवर बसतात. साथ घरांत शिरते ती पुष्कळदां या वाटेनें. तेव्हां दार लावावयाचें तर तें कोठें लावावें, असा हा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा सर्वांत मोठा प्रयोग जपानांत झाला, आणि त्याची हकीकत सुशिक्षित कुटुंबांनीं मुद्दाम वाचावी अशी आहे. १९५७ मध्यें 'आशियाई फ्लू' नांवाची साथ जगभर पसरली. तिच्या अनुभवानंतर १९६२ पासून जपाननें शाळकरी मुलांस इन्फ्लुएंझाची लस देण्याचा क्रम सुरू केला. १९७६-७७ पासून तो कायद्यानें सक्तीचा झाला. मुलांपैकीं ५० पासून ८५ टक्क्यांपर्यंत लस टोचली जात असे. हेतु हाच कीं, मुलें वांचलीं म्हणजे समाजांतील साथच मंदावेल.

परंतु पुढें लोकांचा विश्वास उडूं लागला. १९७९ मध्यें मायेबाशी या शहरांत लस टोचल्यानंतर एका मुलास झटके आले. तेथील वैद्यसंघानें सामुदायिक लसीकरण थांबविलें आणि शेजारच्या, लस चालू असलेल्या शहरांशीं आपल्या शहराची तुलना केली. शाळेंतील आजारपणांत म्हणण्यासारखा फरक दिसत नाहीं, असा अहवाल १९८७ मध्यें बाहेर आला. त्याच वर्षीं आईबापांस नकार देण्याची मोकळीक मिळाली. १९९२ मध्यें टोकियोच्या उच्च न्यायालयानें निरनिराळ्या लसींमुळें इजा झालेल्या मुलांच्या दाव्यांत सरकारास जबाबदार धरलें. ज्यांस लस देऊं नये अशीं मुलें आधीं नीट तपासून वेगळीं काढण्याची व्यवस्था सरकारनें केली नाहीं, असा तो ठपका होता. १९९४ मध्यें शाळांतील इन्फ्लुएंझाचें लसीकरण बंद झालें.

येथपर्यंतची गोष्ट ऐकून कोणीही म्हणेल कीं, फुकटचा खर्च वांचला. पण गोष्ट येथें संपत नाहीं. २००१ मध्यें अमेरिकेंतील 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकांत एक निबंध प्रसिद्ध झाला. जपानांतील हिंवाळ्यांत होणाऱ्या जादा मृत्यूंची अनेक दशकांची नोंद त्यांत तपासली होती. मुलांस लस दिली जात होती त्या काळांत हे जादा मृत्यु तिपटीचौपटीनें उतरले होते, आणि लस बंद झाल्यावर ते पुन्हा चढले. दरवर्षीं सुमारें ३७,००० ते ४९,००० मृत्यु टळत असावेत, म्हणजे दर ४२० मुलांच्या लसीमागें एक जीव वांचत असावा, असा लेखकांचा अंदाज होता. वांचलेले जीव मुख्यतः वृद्धांचे होते. मायेबाशीच्या वैद्यांनीं शाळेच्या हजेरीपटावर जें शोधलें, तें नातवांच्या हजेरींत नव्हतें. तें आजीआजोबांच्या आयुष्यांत होतें. पुढें २००५ मध्यें जपानी संशोधकांनीं असेंही दाखविलें कीं, लहान बालकांचे इन्फ्लुएंझाशीं निगडित मृत्युही शाळांतील लस बंद झाल्यावर वाढले.

तरीपण आम्ही वाचकांस सावध करूं इच्छितों. एवढा मोठा आंकडा पाहून भारून जाऊं नये. त्याच काळांत जपानी लोकांचें खाणेंपिणें, राहणी आणि औषधोपचारही सुधारत होते. त्यांचें श्रेय लसीच्या खात्यावर जमा होण्याचा धोका होता. २०११ मध्यें दुसऱ्या एका अभ्यासांत अमेरिकेंतील वृद्धांशीं तुलना करून हा दोष काढण्याचा प्रयत्न झाला. तेव्हां वृद्धांचे न्यूमोनिया व इन्फ्लुएंझा यांनीं होणारे मृत्यु सुमारें ३६ टक्क्यांनीं घटले होते आणि दरसाल सुमारें १,००० वृद्धांचे प्राण वांचत होते, असा अंदाज निघाला. हे दोन आंकडे एकाच मापाचे नव्हेत. पहिल्यांत सर्व कारणांचे मृत्यु होते. दुसऱ्यांत फक्त वृद्धांचे आणि त्या दोन रोगांचेच. तथापि दुसरा अंदाज पुष्कळच लहान आहे हें उघड आहे.

सार्वजनिक खर्चाच्या दृष्टीनें याचा अर्थ काय? उदाहरणादाखल एका मुलाच्या लसीस सर्व मिळून ५०० रुपये लागतात असें धरूं. ४२० मुलांमागें एक जीव वांचला तर त्या जीवामागें २,१०,००० रुपये पडले. हाच लाभ दहापट लहान ठरला तर २१,००,००० रुपये पडतील. पहिल्या हिशेबानें कोणतेंही सरकार डोळे मिटून हा खर्च करील. दुसऱ्या हिशेबानें श्रीमंत देश तो करील. पण गरीब देशास तोच पैसा गोंवराच्या लसीवर, स्वच्छ पाण्यावर किंवा बाळंतिणीच्या शुश्रूषेवर घातला असतां अधिक जीव वांचतील काय, हें आधीं पाहावें लागेल. लस तीच आणि रोगही तोच. तरी एका देशास जें शहाणपण तेंच दुसऱ्यास उधळेपण होऊं शकतें.

जपानच्या हकीकतींतून आम्हांस त्याहूनही महत्त्वाचा वाटणारा धडा निराळा आहे. शेंकडों मुलें रांगेंत उभीं करून झटपट टोचण्यांत वेळ वांचतो आणि म्हणून पैसाही वांचतो. पण लस देण्यापूर्वीं प्रत्येक मुलाची विचारपूस करणें, हें ज्या कामांत काटकसर केली तें काम होतें. आणि न्यायालयानें नेमकें त्यावरच बोट ठेवलें. विचारपुशीचे दोन मिनिटांचे दाम वांचविले आणि तीस वर्षांची योजना गमावली. ज्या घरचें मूल खरोखर दुखावलें त्या घरास आंकडे सांगून समाधान होत नाहीं. समाजाच्या हितासाठीं ज्यानें आपलें मूल पुढें केलें, त्याची नुकसानभरपाई करणें हा दयेचा भाग नसून त्या खर्चाचाच एक भाग आहे. जपाननें तशी भरपाईची व्यवस्था १९७६ मध्यें कायद्यांत आणली होती, ही गोष्ट त्या सरकारच्या बाजूनें सांगितली पाहिजे.

इंग्लंडनें हा मार्ग अधिक जपून चोखाळला. तेथील लसीकरणविषयक सल्लागार समितीनें २०१२ मध्यें खर्च व लाभ यांचा हिशेब मांडून मुलांस लस देण्याची शिफारस केली. २०१३ पासून प्रथम दोन-तीन वर्षांच्या बालकांस आणि प्राथमिक शाळांत कांहीं ठराविक भागांपुरती अशी सुरुवात झाली. सुईऐवजीं नाकांत फवारावयाची लस घेतल्यामुळें रडारड आणि वेळ दोन्ही कमी झालीं. २०१४-१५ च्या हंगामांत जेथें प्राथमिक शाळांतील मुलांस लस दिली होती त्या प्रायोगिक भागांत, इतर भागांच्या मानानें, फ्लूसारख्या आजारासाठीं डॉक्टरांकडे जाणाऱ्या त्या वयाच्या मुलांचें प्रमाण ९४ टक्क्यांनीं आणि मोठ्या माणसांचें ५९ टक्क्यांनीं कमी आढळलें. त्या भागांत निम्म्याहून थोड्या अधिक मुलांनींच लस घेतली होती, आणि मोठ्या माणसांस तर या योजनेंत कांहींच दिलें नव्हतें. त्यानंतर योजना वर्षानुवर्षें वाढवीत नेली. सक्ती मात्र केली नाहीं. म्हणूनच तें संमतिपत्रक बाईंच्या घरीं आलें.

याचा अर्थ ही लस दरसाल सारखीच चालते असा नव्हे. अमेरिकेंत नाकांतील लस एका प्रकारच्या विषाणूपुढें लंगडी पडते असें दिसल्यावरून २०१६ ते २०१८ या दोन हंगामांत ती वापरूं नये असा सल्ला तेथील समितीनें दिला, आणि नंतर तो मागें घेतला. तेव्हां दरसाल खर्चाबरोबर तपासणीही चालू ठेवणें भाग आहे. ज्या योजनेचा परिणाम कोणी मोजीत नाहीं, तिच्यावर पैसा ओतणें म्हणजे गळक्या घागरीनें पाणी भरणें होय.

आतां बाईंची तिसरी शंका. नाकांत फवारावयाच्या या लसींत ती टिकावी म्हणून डुकरापासून काढलेलें, अतिशय शुद्ध केलेलें जिलेटिन घातलेलें असतें, हें खरें आहे. तिचे विषाणूही कोंबडीच्या अंड्यांत वाढविलेले असतात. इंग्लंडांतील कांहीं मुसलमान व इतर कुटुंबांनीं यावरून हरकत घेतली, आणि आतां ज्यांस ती नको त्यांच्या मुलांस जिलेटिन नसलेली सुईची लस मिळूं शकते. कांहींजण औषध आणि आहार यांत भेद करतात. औषधास विटाळ नाहीं असें आमच्याही घरांतील वडीलधारीं माणसें म्हणत आलीं आहेत. कांहींचें मन तें घेत नाहीं. ज्याचा त्यानें निर्णय करावा. पण शंका मनांत ठेवून पत्रक कोरें ठेवूं नये. परिचारिकेस स्पष्ट विचारावें आणि सुईची लस मागावी. धर्मभावना सांभाळण्यासाठीं दुसरी लस ठेवण्यांतही सरकारचा खर्च वाढतो; पण त्या खर्चानें नकार कमी होतात आणि वर सांगितल्याप्रमाणें दर मुलामागील खर्च उतरतो. सहिष्णुता ही येथें काटकसरही ठरते. आणखी एक गोष्ट : नाकांतील लस जिवंत पण दुर्बळ केलेल्या विषाणूंची असते. घरांत कोणाची प्रतिकारशक्ति अगदींच खालावलेली असेल तर तेंही आधीं सांगावें. मामंजींचा दमा ही त्यास आडकाठी नव्हे.

शेवटीं आपल्याकडील गोष्ट. १९१८ च्या साथीनें हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. मुंबई इलाख्यानें तिचा तडाखा फार सोसला. २००९ च्या ऑगस्टांत स्वाइन फ्लूचा देशांतील पहिला बळी पुण्यांत पडला, आणि ती एक शाळकरी मुलगी होती. त्या महिन्यांत पुण्यामुंबईच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. शाळा बंद ठेवणें हाही एक खर्चच आहे. मात्र तो कोणत्याही खात्याच्या अंदाजपत्रकांत दिसत नाहीं. नोकरी करणाऱ्या मातांच्या रजेंत आणि रोजंदारीच्या बुडालेल्या मजुरींत तो वाटला जातो. पुढल्याच वर्षीं, जुलै २०१० मध्यें, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें नाकांत घ्यावयाची लस बाजारांत आणली. म्हणजे लस करण्याचें सामर्थ्य आपल्या दाराशीं आहे. शाळांतून लस देण्याचा अनुभवही आहे. नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रांत गोंवर-रुबेला मोहीम शाळांतून झालीच.

मग फ्लूची लस सरकारी कार्यक्रमांत कां नाहीं? पैसा हें एक कारण झालें. दुसरें कारण पंचांगाचें आहे. इंग्लंड-जपानांत फ्लू हिंवाळ्यांत येतो आणि शाळा त्यापूर्वीं दोन-तीन महिने भरलेल्या असतात. आपल्याकडे त्याचा मुख्य जोर पावसाळ्यांत असतो; म्हणून लस एप्रिल-मे मध्यें घेणें योग्य. पण त्या वेळीं परीक्षा आटोपून शाळांस कुलुपें लागतात आणि मुलें आजोळीं जातात. जूनच्या मध्यावर शाळा उघडेपर्यंत पाऊस दाराशीं आलेला असतो, आणि लसीचा गुण येण्यास सुमारें दोन आठवडे लागतात. तेव्हां परदेशची योजना जशीच्या तशी उचलली तर वरातीमागून घोडें निघेल. आम्हांस असें वाटतें कीं, सध्यां आपल्याकडील सार्वजनिक पैसा प्रथम गर्भवती स्त्रिया, वृद्ध, दमा-मधुमेहाचे रोगी आणि रुग्णालयांतील सेवक यांच्या लसीवर खर्च व्हावा. शाळांतील प्रयोग करावयाचाच तर तो एखाद्या तालुक्यांत, मार्चच्या अखेरीस किंवा एप्रिलांत शाळा भरत असतांना, नीट मोजमाप ठेवून करावा.

बाईंस आमचें उत्तर असें : आपण मामंजींसही लस द्यावी आणि चिरंजीवांसही. पहिलीनें मामंजींचें थोडेंबहुत रक्षण होईल. दुसरीनें त्यांच्यापर्यंत पोंचणारी वाट अरुंद होईल. मुलास लस देणें हें लचांड नव्हे. ज्या आजोबांच्या मांडीवर तो गोष्टी ऐकतो त्यांच्यासाठीं, आणि ज्यांचीं नांवें त्यास कधीं कळणार नाहींत अशा पुष्कळ आजीआजोबांसाठीं, त्यानें दरसाल दोन मिनिटें द्यावयाचीं आहेत. तेवढें त्यास समजावून सांगावें. सात वर्षांच्या मुलास तें समजतें. आणि पत्रक मात्र, होकार असो वा नकार, उद्यां सकाळीं दप्तरांतून परत जाऊं द्यावें.